माजी सैनिकाला लोकसभा लढवायची असेल तर

आमच्या भागात शिपाई म्हणून निवृत्त झालेल्यालाही गाव ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतं. १५ ऑगस्टला झेंड्याच्या दोरीला पहिला हात त्याचा. शाळेत भाषणाला तोच, तंटामुक्तीच्या बैठकीत शेवटचा शब्दही त्याचाच. हा मान खरा असतो, तो कमावलेला असतो. पण या मानाचं आपोआप मत होतं, असं समजून जे लोकसभेच्या मैदानात उतरतात, ते फार वाईट रीतीने हरतात. फौजेत मी क्लार्क होतो. पेन्शनीवर आल्यानंतर माजी सैनिक उमेदवारांचे कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आपोआप येत गेलं. त्या अनुभवातून, ज्यांना खरोखर लढायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढची लोकसभा २०२९ ला अपेक्षित आहे. तयारीला वेळ आहे, आणि ती आजपासूनच करायला हवी.

आधी चार-पाच उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा १९७१ साली मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. मराठा लाइट इन्फंट्रीतून वर गेलेले माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग २०१७ साली पंजाब विधानसभेला पटियाळ्यातून उभे राहिले, तेही हरले. आता दुसरी बाजू पाहा. १९९१ साली राजापूरला, म्हणजे मधु दंडवते सलग पाच वेळा जिंकले होते त्या मतदारसंघात, फौजेतून आलेल्या सुधीर सावंतांनी त्यांना हरवलं. गोव्यात नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन विरियातो फर्नांडिस २०२२ ला दाबोळी विधानसभेत पडले आणि दोनच वर्षांनी दक्षिण गोव्यातून लोकसभेवर गेले. पडले तरी ते घरी बसले नव्हते. कोळसा वाहतूक आणि रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्धच्या आंदोलनात ते आधीपासून रस्त्यावर होते, लोक त्यांना त्या कामातून ओळखत होते. माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंग २०१४ ला गाझियाबादमधून पाच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, पण त्यांच्यामागे मोठा पक्ष आणि त्या वर्षीची लाट होती.

म्हणजे खांद्यावर किती तारे होते, यावर निकाल लागत नाही. मागे संघटना आहे का आणि लोकांनी तुम्हाला काम करताना पाहिलं आहे का, या दोनच गोष्टींवर तो लागतो.

फौज पूर्ण सुटल्याशिवाय तोंड उघडू नका

नोकरीत असताना उमेदवारी तर सोडाच, तिची नुसती घोषणाही करता येत नाही. आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २० स्पष्ट आहे: राजकीय सभेला जायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, आपण उभे राहणार असं जाहीर करायचं नाही. शिवाय राज्यघटनेच्या कलम १०२ प्रमाणे सरकारी लाभाचं पद धारण करणारा खासदार होऊ शकत नाही. पात्रता पाहतात ती छाननीच्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही सुट्टीवर असाल, निवृत्तीआधीची रजा भोगत असाल, तरी कागदोपत्री तुम्ही सेवेतच असता. डिस्चार्ज बुकवरची तारीख उलटून जाऊ द्या, मगच बॅनर छापा.

पेन्शन हे लाभाचं पद नाही, त्याची चिंता नको. टेरिटोरियल आर्मीच्या सदस्यत्वालाही कायद्याने सूट दिलेली आहे. पण निवृत्तीनंतर तुम्ही बँकेत, राज्य सरकारात किंवा एखाद्या महामंडळात पुन्हा नोकरीला लागला असाल तर राजीनामा द्या, आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. नुसता दिलेला राजीनामा म्हणजे सुटका नव्हे. माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या मार्फत तुमची सुरक्षा एजन्सी किंवा कोळसा वाहतुकीचं कंत्राट चालू असेल, तर ती कागदपत्रं आधी जाणत्या वकिलाला दाखवा. सरकारशी चालू असलेलं पुरवठ्याचं किंवा बांधकामाचं कंत्राट लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ खाली अडचणीचं ठरू शकतं.

ज्यांची सेवा बडतर्फीने संपली त्यांच्यासाठी एक वेगळी अट आहे. बडतर्फीला पाच वर्षं झाली नसतील तर ती भ्रष्टाचार किंवा देशद्रोही वर्तनासाठी नव्हती, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागतं. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादूर यादव २०१९ ला वाराणसीतून उभे राहायला गेले, तेव्हा त्यांचा अर्ज याच प्रमाणपत्राअभावी बाद झाला. त्यांचं अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळलं.

वयाची अट २५ वर्षांची. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांना अजून काही वर्षं थांबावं लागेल. ती वर्षं वाया घालवू नका, पुढे सांगतो ते काम तेव्हा करा.

मतदार यादीत तुम्ही नक्की कुठे आहात?

हे साधं वाटतं आणि इथेच माणसं अडकतात. नोकरीत असताना तुमचं नाव सेवा मतदार म्हणून यादीच्या शेवटच्या भागात होतं, बहुधा पत्नीचंही. निवृत्त झाल्यावर ते आपोआप सर्वसाधारण यादीत येत नाही. फॉर्म ६ भरून गावातल्या पत्त्यावर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि जुनी नोंद काढली गेली का तेही पाहावं लागतं. लोकसभेचा उमेदवार देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो. मात्र तुम्ही दुसऱ्या मतदारसंघात उभे राहत असाल तर आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत लागते. तहसील कार्यालयात निवडणूक शाखा असते, तिथे निवांत काळात जा. आचारसंहितेत तिथे उभं राहायला जागा नसते.

गावाशी पुन्हा ओळख करून घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याला द्यायला हवा, आणि माजी सैनिक सगळ्यात कमी वेळ यालाच देतात.

तुम्ही १७, २०, २४ वर्षं बाहेर होता. वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा, लग्नं-वास्तुशांती उरकायचा, परत जायचा. त्या काळात इथे सगळी उतरंड रचली गेली. सोसायटीत कोण कुणामुळे निवडून आला, दूध संघात कुणाचा माणूस आहे, कारखान्याचा ऊस आधी कुणाचा तुटतो, बाजार समितीत कुणाचं वजन आहे, कोणत्या भावकीचं कोणत्या भावकीशी का बोलणं नाही, यातलं तुम्हाला काहीही माहीत नाही. ज्याच्याविरुद्ध तुम्ही उभे राहणार तो मात्र याच विहिरीचं पाणी पिऊन मोठा झाला आहे. तुम्ही स्वतःच्या जिल्ह्यात नवखे आहात, हे आधी मान्य करा. नव्या पोस्टिंगवर गेल्यावर आपण पहिला महिना काय करायचो? इलाखा बघायचो, नकाशा काढायचो, जुन्या युनिटकडून माहिती घ्यायचो. तसंच इथेही करा.

महाराष्ट्रात ४८ जागा आहेत आणि विधानसभेच्या २८८. म्हणजे लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं येतात. मतदार सरासरी एकोणीस लाखांच्या घरात आणि मतदान केंद्रं दोन हजारांच्या आसपास. तुमच्या नात्यागोत्यातली, माजी सैनिक संघटनेतली सगळी माणसं धरली तरी ती बहुधा एका-दोन तालुक्यांत असतात. बाकीच्या तालुक्यांत तुम्हाला कुणीही ओळखत नाही.

मग करायचं काय? एक विषय धरा आणि तो तडीला न्या. माझ्या ओळखीच्या एका सुभेदारांनी पेन्शनीवर आल्या आल्या फक्त एकच काम घेतलं: वीरपत्नी आणि वृद्ध पेन्शनरांचे अडकलेले कागद. समान पदाला समान पेन्शन लागू झाली ती १ जुलै २०१४ पासून. त्यानंतरच्या फेरआढाव्यांत ज्यांची रक्कम चुकली, ज्यांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पत्नीच्या नावात ‘सुमन’ऐवजी ‘सुमान’ झालं, हयातीचा दाखला वेळेत न गेल्याने ज्यांची पेन्शन थांबली, अशा लोकांकडे ते स्कूटरवरून जायचे. मागे एक निळी फाईल बांधलेली असायची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते इतक्या वेळा गेले की तिथल्या शिपायाला त्यांच्या चहातली साखर माहीत झाली. चार वर्षांत पाच तालुक्यांतल्या शेकडो घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यांना प्रवेश मिळाला. भाषणं देत फिरले असते तर एवढी घरं दहा वर्षांतही जोडली गेली नसती.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण माजी सैनिकांची मतं मिळून खासदार होत नाही. पारावर बसलेला शेतकरी तुम्हाला चीनबद्दल विचारणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंदच राहिली, त्या वर्षी नाशिक-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याने प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर ‘सीमेवर आम्ही रात्र रात्र जागलो’ असं देता येत नाही. निर्यातीचं धोरण, साखर आणि इथेनॉलचे नियम, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पीकविमा हे दिल्लीचे विषय आहेत. ते शिकून घ्या. गटार आणि पथदिव्यांचं आश्वासन देऊ नका, तो ग्रामपंचायतीचा विषय आहे, आणि लोकांना ते कळतं.

शक्य असेल तर आधी ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद लढवा. त्यात कमीपणा काही नाही. मतमोजणीच्या टेबलावर स्वतःची मतं मोजली जाताना एकदा पाहिली की माणूस जे शिकतो ते कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत.

बोलण्याची सवयही बदलावी लागते. फौजेत आपण आदेश देतो किंवा घेतो, मधलं काही नसतं. सभेत उशिरा आलेल्या कार्यकर्त्याला चारचौघांत झापणारा उमेदवार मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी त्या वाडीतली सोळा पोरं समोरच्याकडे गेली. कार्यकर्ता पगारी नसतो, त्याला ‘भाऊ, दादा’ करूनच न्यावं लागतं.

पक्ष की अपक्ष?

पक्षाचं तिकीट मिळत असेल आणि त्या पक्षाचे विचार मनापासून पटत असतील तर तिकीट घ्या. अपक्ष लढणं शौर्याचं वाटतं, पण २०२४ ला साऱ्या देशातून फक्त सात अपक्ष लोकसभेवर गेले. महाराष्ट्रातून त्यातले एकटे सांगलीचे विशाल पाटील, आणि त्यांच्यामागे वसंतदादांच्या घराण्याची कित्येक दशकांची पुण्याई होती.

पक्षाकडे जाताना एक जपा. पुष्कळदा माजी सैनिकाला स्टेजवर फेटा बांधून बसवतात, फोटो काढतात आणि तिकीट दुसऱ्याला देतात. ‘तुम्हाला या भागातल्या किती बूथची जबाबदारी देऊ?’ असं जो पक्ष विचारतो, तो तुम्हाला गांभीर्याने घेतो आहे असं समजा. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार असल्याचे कागद, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. तो हातात येईपर्यंत तिकीट मिळालं असं धरू नका, आणि मिठाई तर मुळीच वाटू नका.

कागद: इथे आपला माणूस जिंकू शकतो

तुमच्या सोबत्यांत एखादा निवृत्त हेडक्लार्क असेल तर त्याला आजच धरून ठेवा. निवडणूक प्रतिनिधी म्हणून तो कर्नलपेक्षा जास्त उपयोगी पडेल, हे मी स्वतः क्लार्क होतो म्हणून म्हणत नाही.

लोकसभेचा उमेदवारी अर्ज नमुना २-अ मध्ये भरायचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. सूचक त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. त्यांचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चालू यादीतून स्वतः तपासा, जुन्या स्लिपवरून उतरवू नका. एका उमेदवाराला चार संच भरता येतात. अपक्षाने किमान दोन भरावेत आणि दुसऱ्या संचात वेगळे दहा सूचक घ्यावेत. अंगठा देणारा सूचक असेल तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो. अशा आजोबांना आणायला-न्यायला गाडीची सोय ठेवा.

अनामत रक्कम २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते.

आता नमुना २६ चं शपथपत्र. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. कोऱ्या रकान्यांवर अर्ज बाद होतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ते पक्कं केलं आहे. स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं सगळं दाखवायचं: शेती, ट्रॅक्टरचं कर्ज, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे ठेवलेली मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधीतून घेतलेला प्लॉट, बायकोचं सोनं. गुन्हे दाखल असतील तर तेही लिहायचे आणि वर्तमानपत्रात व वाहिनीवर तीनदा प्रसिद्ध करायचे. कोर्ट मार्शलची शिक्षा झालेली असेल तर ती लपवू नका, वकिलाला आधी दाखवा.

फौजी उमेदवारांच्या शपथपत्रात दोन जागा हमखास चुकतात.

पहिली शिक्षणाची. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीच्या समकक्ष म्हणून जे प्रमाणपत्र मिळतं ते काही नोकऱ्यांच्या अर्जासाठी आहे. ती विद्यापीठाची पदवी नव्हे. शपथपत्रात ‘पदवीधर’ लिहिलंत तर समोरचा उमेदवार तुमची खोटी माहिती म्हणून बोंब मारेल, आणि कायद्याने ती बोंब रास्त ठरेल. दहावी असाल तर दहावी लिहा, हवं तर त्याखाली लष्करी समकक्ष प्रमाणपत्राचा उल्लेख वेगळा करा.

दुसरी जागा सरकारी घराची. गेल्या दहा वर्षांत तुम्ही सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची बाकी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. आमदार-खासदारांसाठी असेल, असं समजून माणसं हा मुद्दा वाचतच नाहीत. पण तुमचं फॅमिली क्वार्टर हे सरकारी निवासस्थानच आहे. एका हवालदारांचं शेवटचं क्वार्टर इथून दोन हजार किलोमीटरवरच्या छावणीत होतं. अर्जाला चार दिवस उरले असताना आम्हाला हे लक्षात आलं. स्टेशन हेडक्वार्टर आणि एमईएस (लष्कराच्या इमारती, वीज-पाणी पाहणारं खातं) या दोघांना फोन, ईमेल, पुन्हा फोन. विजेचा दाखला आला, त्यावर क्वार्टर नंबर चुकीचा. दुरुस्त प्रत शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला आली, तेव्हा आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो. प्रिंटरमधून तो कागद बाहेर येताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्यावर ही पाळी येऊ नये. क्वार्टर सोडतानाचा नो-ड्यूज दाखला पीपीओच्या फाईलमध्ये जपून ठेवा, आणि नसेल तर आत्ताच मागवा.

फोटोचंही नीट पाहा. मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. तो गेल्या तीन महिन्यांतला आणि साध्या कपड्यांतला हवा. गणवेशातला चालत नाही, टोपी आणि काळा चष्माही टाळायचा. घरच्या भिंतीवरचा पीक-कॅपमधला तो देखणा फोटो इथे उपयोगाचा नाही.

अर्जाचा दिवस

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, तिच्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत माघार. माघारीनंतर मतदानाला किमान चौदा दिवस मिळतात. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतात, सार्वजनिक सुट्टीला घेत नाहीत. शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या आणि अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासह पाचच माणसं. शक्तिप्रदर्शन हवं तर बाहेर करा, पण पहिला संच मिरवणुकीच्या आधीच एखाद्या शांत दिवशी भरून ठेवा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते, ती छाननीच्या दिवसाआधी झालीच पाहिजे. गर्दीत ही शपथ राहून जाते. अधिकारी त्रुटींची तपासणी सूची देतात, तिच्यावरची प्रत्येक ओळ पूर्ण होईपर्यंत घरी जाऊ नका.

अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हं द्यायची. म्हाताऱ्या आजीला एका नजरेत ओळखता येईल असं निवडा.

वर्दी, पदकं आणि कॅन्टीन

नावाआधी हुद्दा लावायला हरकत नाही, नावानंतर कंसात ‘निवृत्त’ लिहा. फौजेत म्हणतात, रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. पण गणवेश घालून प्रचार करायचा नाही. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना आणि उमेदवारांना बजावलं आहे की सेनादलातल्या जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका. तुमच्या जुन्या पलटणीचा ग्रुप फोटोही पोस्टरवर नको. त्यात अजून सेवेत असलेली पोरं असतात.

इथे कायदाही कडक आहे. निवडून येण्यासाठी सेनादलातल्या सेवारत माणसाची मदत घेणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) खाली भ्रष्ट आचार ठरतो, त्यावरून जिंकलेली निवडणूक रद्द होऊ शकते. सुट्टीवर आलेला पुतण्या तुमच्या गाडीवर चालक म्हणून नको. युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘भावांनो, घरच्यांना सांगा’ असा निरोप नको. ग्रुपमधून बाहेर पडणंच उत्तम.

लष्करी कॅन्टीनची दारूची बाटली प्रचाराच्या जवळपासही दिसता कामा नये. स्वतःच्या कोट्याची असली, कार्डावर घेतलेली असली, तरी कार्यकर्त्याच्या हातात गेली की ती लाच. परवान्याची बंदूक असेल तर आचारसंहितेत ती जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आली की लगेच जमा करा आणि पावती घ्या.

आणि एक मनापासूनची विनंती. शहिदाच्या आईला स्टेजवर आणून बसवू नका. ती स्वतःहून आली तर पुढच्या खुर्चीत मानाने बसवा, पण तिचं दुःख मतांसाठी माईकवर सांगू नका. ऑपरेशनच्या गोष्टीही सांगू नका. गोपनीयतेचा कायदा निवृत्तीनंतरही तुम्हाला लागू असतो.

पैसा

महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ९५ लाख आहे, गोव्यात ७५ लाख. ही मर्यादा आहे, तेवढा खर्च केलाच पाहिजे असं नाही. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याचे) पैसे म्हणजे तुमच्या म्हातारपणाची भाकरी. त्यातले किती घालवायचे तो आकडा पत्नीसमोर बसून, कागदावर लिहून ठरवा आणि त्यावर दोघांच्या सह्या करा. जमीन विकून निवडणूक लढवू नका.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं. सगळा खर्च त्यातूनच. एका व्यक्तीला किंवा दुकानाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही. खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची आणि पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात ही वही खर्च निरीक्षकाला किमान तीनदा दाखवायची. प्रशासन चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, गाडी यांचं दरपत्रक काढतं. कुणी चहा फुकट दिला तरी तो त्या दराने तुमच्या खर्चात धरला जातो, कारण त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन सभेत असतो आणि त्यांची वेगळी वही चालू असते. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव व पत्ता हवा. मोबाईलवर चालवायच्या जाहिरातीलाही माध्यम समितीचं पूर्वप्रमाणपत्र लागतं.

बूथ

दोन हजार केंद्रं, प्रत्येकावर एक मतदान प्रतिनिधी आणि एक बदली, म्हणजे चार हजार माणसं. ही यादी तुमच्याकडे मतदानाच्या महिनाभर आधी नावासह नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे, असं मी स्पष्ट सांगतो. सरकारी नोकर प्रतिनिधी होऊ शकत नाही, सेवारत जवान तर नाहीच. माजी सैनिक, त्यांच्या घरच्या बायका, कॉलेजची मुलं घ्या. बायका फार चिकाटीने बसतात, माझा तसा अनुभव आहे.

प्रतिनिधीला नमुना १० वर नेमायचं. तो मतदानाआधी दीड तास, अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्राच्या चाचणीला, हजर हवा. पहाटे साडेपाच ही वेळ फौजींना कठीण नाही. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-क ची प्रत घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. एकूण किती मतं नोंदली गेली हे त्यावर असतं आणि मोजणीच्या दिवशी तेच यंत्रातल्या आकड्याशी ताडून पाहायचं असतं. आपण कोतमध्ये (शस्त्रागारात) हत्यारं जमा करताना नंबर जुळवायचो, तेवढ्याच काटेकोरपणे.

सेवा मतदारांच्या टपाली मतपत्रिका मोजणीच्या दिवशी सकाळी ८ पर्यंत पोहोचलेल्याच धरतात. त्यांच्या टेबलावरही तुमचा माणूस ठेवा. घोषणापत्रावर सही-साक्ष नसल्याने किती मतं बाद होतात, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

निकालानंतर

जिंका किंवा हरा, निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा पूर्ण हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावाच लागतो. हरलेला उमेदवार इथे हमखास चुकतो. मन उडालेलं असतं, मंडपवाल्याची बिलं आलेली नसतात, वही कुणाच्या तरी गाडीत राहिलेली असते. हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, म्हणजे पुढची जिल्हा परिषद तर गेलीच, लोकसभेची तयारीही अडते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्कला घरी बोलवा, बिलं गोळा करा, खात्यातली बाकी जुळवा. अनामत वाचली असेल तर तिच्या परताव्याचा अर्जही त्याच वेळी द्या. कार्यालयातून शिक्का मारलेली पोच मिळेल. ती पीपीओच्या फाईलमध्ये, क्वार्टरच्या त्या दाखल्याच्या मागे लावून ठेवा, पुढच्या अर्जाच्या वेळी दोन्ही एकत्रच लागतील.